मजल्यावरचा बेचाळिसावा

त्या दिवशी चौथ्या मजल्यावर लिफ्टसमोर कोण कोण होतं ते आधी सांगते. सेक्रेटरी परब. त्याची बायको मंदा. टेलर सलीमभाई. शाळेत शिकवणाऱ्या शिंदे मॅडम. मी, पारू. आणि ज्याच्यासाठी मीटिंग बोलावली तो दत्ताराम. सहा माणसं झाली. परबाने रजिस्टरात पाचच नावं लिहिली. मला सहीपुरतं येतं, वाचता येत नाय, पण ओळी मोजता येतात.

"दत्तूचं नाव राहिलं रे," मी बोलले.

"तो मेंबर नाय ना काकी."

माझं डोकं तिथेच फिरलं. दत्तूला त्याचं काय नाय. त्याला खुर्ची दिली तर तो बसला पण नाय. भिंतीला पाठ लावून उकिडवा बसला, हात गुडघ्यावर. चौदा वर्षं जेलमध्ये मोजताना तसंच बसवत होते. आता बस म्हटलं की तो तसाच बसतो. बँकेत पण बसला होता. वॉचमन घाबरला.

हा माझ्या शेजारच्या लक्ष्मीवहिनीचा एकुलता एक मुलगा. जोगेश्वरीला डोंगरावर आमच्या झोपड्यांना एकच पत्रा होता. नंतर बिल्डिंग झाली, तरी आमच्यात भिंत एकच राहिली. दत्तू रिक्षा चालवायचा. स्टँडवर नंबरावरून मारामारी झाली, ह्याच्या हातात पाना होता, समोरचा माणूस गेला. ते मी झाकत नाय. तो पण झाकत नाय. सजा भोगून गेल्या वर्षी आला, हातात एक प्लास्टिकची पिशवी. आई तोवर गेलेली. खोली तिच्या नावावर.

आता त्याची खोड ऐका. संध्याकाळचे सहा वाजले की दत्तू पॅसेजच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो. प्रत्येक दाराच्या चौकटीला हात लावतो, आतली माणसं मोजतो, पुढे जातो. शेवटच्या दाराशी मोठ्याने बोलतो, "एक्केचाळीस. गिनती बरोबर!" जेलमध्ये चांगलं वागला म्हणून त्याला पहारेकरी केला होता. रोज संध्याकाळी बराक बंद करताना माणसं मोजायचं काम त्याचं. गिनती जुळली नाय तर कोणाला हलता यायचं नाय. ते अंगात भिनलं, ते गेलंच नाय.

माझ्या नातीला कॉलेजातून यायला उशीर झाला की हा लिफ्टपाशी उभा. जिना बघ, खाली वाक, परत लिफ्ट बघ. ती आली की तिला काय बोलत नाय. वळतो आणि ओरडतो, "जुळली!" ती बोलते, "आजी, मी काय पळून गेलेली कैदी आहे?" पण आता उशीर झाला तर आधी त्याला फोन करते, मला नंतर.

सलीमभाईला नातू झाला तेव्हा घरच्यांच्या आधी ह्याने पेढे वाटले. "एक नवीन दाखल!" करत पॅसेजभर फिरला. शिंदे मॅडमचे सासरे वारले, तेव्हा त्या दारापाशी बराच वेळ थांबला, मग हळू बोलला, "एक सुटला." मॅडम रडत होत्या, त्यात हसल्या.

आणि त्याची डाळ! जेलच्या किचनमध्ये होता काही वर्षं. एकट्यापुरती डाळ त्याला येतच नाय. "काकी, शंभर माणसांच्या खाली मला मिठाचा अंदाज येत नाय." मोठा टोप चढवतो आणि गिनती झाली की घरोघर वाटतो. पहिली वाटी माझी. सगळ्यात मोठा डबा मंदाचा. आदल्या दिवशी तिने डबा भरून नेलेला. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये नाकाला पदर लावून बसली, जसं काय दत्तूला वास येतो.

परबाने सुरुवात केली. "तक्रार आली आहे. हा माणूस लोकांच्या दारात डोकावतो. बायामाणसं असतात. उद्या काय झालं तर जबाबदार कोण? आईची खोली ह्याच्या नावावर करायचा ठराव आपण काय पास करणार नाय. ह्याने कुठेतरी दुसरीकडे बघावं."

"तक्रार कोणाची?" सलीमभाईने विचारलं.

"आहे एकाची."

मंदा जमिनीकडे बघायला लागली. त्याच आठवड्यात तिचा भाऊ विरारवरून येऊन, खोली आपल्याला मिळेल म्हणून, दत्तूच्या दारासमोरचा पॅसेज पावलांनी मोजून गेला होता. मी माझ्या दारातून बघितलं होतं. ते पण बोलून दाखवलं.

"काकी, विषय तो नाय," परब चिडला. मग दत्तूकडे वळला. "आणि तुझी ती गिनती! चौदा वर्षं तेच केलंस ना? ते तरी धड शिकून यायचं. मजल्यावर बेचाळीस माणसं आहेत. मी स्वतः घरोघर मोजली. तू रोज एक्केचाळीस ओरडतोस."

दत्तू उठून उभा राहिला. साहेबासमोर उभा राहतात तसा, हात मागे.

"बेचाळिसावा मी, साहेब."

"मग?"

"मी अजून दाखल नाय ना. नाव चढल्याशिवाय गिनतीत धरत नाय. तसा नियम आहे."

लिफ्ट आली, दार उघडलं, आपोआप बंद झालं. एक वर्ष हा माणूस आम्हाला सगळ्यांना मोजत होता, आणि स्वतःला सोडून देत होता.

मग मात्र मला राहवलं नाय. राग परबाचा होता, पण त्याच्याहून जास्त माझा स्वतःचा होता. लक्ष्मीवहिनी आजारी होती तेव्हा दत्तूने पॅरोल मागितला होता, आईला शेवटचं बघायला. पोलिसांची चौकशी आली, शेजाऱ्यांना चालेल का म्हणून. मजल्यावर कागद फिरला, हा माणूस इथे यायला आमची हरकत आहे म्हणून. ह्याच परबाने फिरवला. परबाने वाचून दाखवला होता, मला सगळं समजलं होतं. घरात नात लहान, मी एकटी. मी घाबरले आणि सही केली. मला येते ती एकच गोष्ट, सही, ती मी तिथे वापरली. मग भिंतीपलीकडून लक्ष्मीवहिनी रोज विचारायची, "पारू, कागद आला का गं दत्तूचा?" मी बोलायची, "येईल." तिला पेज भरवायची आणि बोलायची, "येईल." ती दाराकडे तोंड करून गेली.

हे सगळं मी तिथे उभी राहून बोलले, दत्तूच्या समोर. पहिल्यांदाच.

"माहीत आहे काकी," दत्तू बोलला. "तिकडे क्लार्कने नावं वाचून दाखवली होती. अकरा सह्या. तुमची चौथी."

"आणि तू मला रोज पहिली वाटी देतोस?"

"आईला पेज कोणी भरवली, ते पण कळलं होतं."

शिंदे मॅडमनी चष्मा काढला. सलीमभाई परबाला बोलले, "लिखो भाई, आमची हरकत नाय. माझं नाव पहिलं लिहा." त्याच्याखाली मॅडमनी सही केली, मी केली. परबाने रजिस्टर मिटलं. "पुढच्या मीटिंगला बघू." अजून बघतोच आहे. नाव अजून चढलं नाय.

त्या संध्याकाळी सहा वाजता दत्तू निघाला. मी माझ्या दारात खुर्ची टाकून बसले. तो शेवटच्या दाराशी गेला. "एक्केचाळीस. गिनती..."

"चूक," मी इथून ओरडले. "बेचाळीस."

"काकी, मस्करी नको. डाळ थंड होईल."

"होऊ दे. जुळत नाय तोवर कोणाला जेवण नाय ना? परत मोज."

तो खरंच परत पहिल्या दारापासून निघाला. परत एक्केचाळीस. मी परत बोलले, चूक. तिसऱ्या वेळेला सलीमभाई दारात आले, मॅडम आल्या, माझी नात आली. मंदा पण डबा घेऊन उभी होती, आत जाता येईना, बाहेर येता येईना. दत्तू शेवटच्या दाराशी गेला, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. चौकटीला हात लावला.

"बेचाळीस," तो बोलला. एकदम हळू. "बरोबर" बोलला नाय.

मी हे नातीकडून लिहून घेतलं आहे. वाचणाऱ्याकडे माझं एकच मागणं आहे. कोणी जेलमधून घरी येऊ नये म्हणून तुमच्या दारात कागद फिरत आला, तर पेन हातात घ्यायच्या आधी एकदा त्याच्या आईच्या खोलीत जाऊन बसा. ती तोंड कुठे करून झोपली आहे, तेवढं बघा. मग काय सही करायची ती करा.