फ्रिजवर लावलेली पाच

मी फक्त एक कागद फ्रिजवर चिकटवला. एवढंच. त्यापायी कायमची नोकरी हातची जाऊ शकते हे कुणी आधी सांगितलं असतं, तर मी तो कपाटाच्या आतल्या बाजूला लावला असता.

मी एका प्रकाशन संस्थेत प्रूफरीडर आहे. म्हणजे दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारून पोट भरते. (माझं आयुष्य सुधारायला कुणी नेमलेलं नाही.) तीन वर्षं तात्पुरती. यंदा एक कायमची जागा निघाली होती आणि ती मला मिळणार की नाही, हे गुरुवारी कळणार होतं. नेमकं तेव्हाच एक पुस्तक तपासायला आलं. आपण जे मानतो तसंच रोज जगावं, त्यासाठी आपली मूल्ये लिहून डोळ्यांसमोर ठेवावीत, असं त्यात होतं. दोनशे बारा पानं वाचून मला रडू आलं. मी मानते की मुलांवर ओरडू नये, आणि भिंगरीवर, म्हणजे माझ्या चार वर्षांच्या लेकीवर, मी रोज सकाळी दुसरा बूट सापडेपर्यंत अकरा वेळा ओरडते.

तर रविवारी, एका हातानं भिंगरीच्या नाकातला मणी काढत, दुसऱ्या हातानं मी जाड पेननं लिहिलं: मला हवी असलेली पाच मूल्ये. खाली ओळीनं सत्य, शांती, करुणा, समता, धैर्य.

सोमवारी शांती साडेसातलाच संपली. समता गेली ती नवऱ्यानं भांडी 'भिजत घातली' तेव्हा. (अजून भिजताहेत.) पण घर बदललं खरं. सासूबाई एकदम गप्प झाल्या. माझ्या हातातली बादली काढून घेऊ लागल्या. नवऱ्याची पाठ अचानक दुखायला लागली आणि तो बाहेरच्या सोफ्यावर झोपायला गेला. मला वाटलं, चला, करुणा पसरतेय.

मंगळवारी सासूबाई गुडघ्याला तेल चोळत म्हणाल्या, "अगं, तो कागद. पाचही हवीत?"

"पाचही, आई. एकही सोडून चालायचं नाही."

"एकदम?"

"जमलं तर एकदम. पण आधी सत्य."

"आणि शांती?"

"ती काही या घरात येईल असं वाटत नाही."

"असं बोलू नये गं. येईल." त्यांनी उसासा टाकला. "पण माझे गुडघे बघतेस ना? मला नाही झेपायचं."

"तुम्हाला काही करायचं नाहीये, आई. ते माझ्या आतूनच यायला हवं."

"तेवढं कळतं मला! माझ्या लेकाला विचारलंस का?"

"विचारलं. म्हणाला, तुला काय करायचं ते कर, मला त्यात ओढू नकोस."

सासूबाई तेलाची वाटी हातात धरून माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, बाईंना मूल्यांची केवढी ओढ!

गुरुवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"बसा, बसा. उभ्या राहू नका. सकाळी फोन केला होता तुम्हाला. तुम्ही मुलीला आंघोळ घालत होता, सासूबाईंनी घेतला. फार रडत होत्या हो. पाच?"

"पाच काय?"

"मुलं. नावंसुद्धा ठरलीत म्हणे. 'धैर्य' जरा जड जाईल हं शाळेत."

माझ्या डोळ्यांसमोरून बादली गेली, तेलाची वाटी गेली, नवऱ्याची पाठ गेली.

"साहेब, मुले नाही, मूल्ये! आमच्या सासूबाई चष्मा न लावता वाचतात!"

साहेब पोट धरून हसले. समोरचं नेमणुकीचं पत्र त्यांनी माझ्याकडे अर्धं सरकवलं. त्यावर माझं नाव मला उलटं दिसलं. (उलटं वाचता येणं हा आमच्या धंद्याचा भाग.)

"सुटलो बुवा! म्हणजे दुसरं मूल वगैरे काही डोक्यात नाही ना?"

'नाही' हा दोन अक्षरी शब्द मी आजवर हजारदा तपासलाय. पण फ्रिजवर पहिलं सत्य होतं. आणि गेल्याच आठवड्यात भिंगरीचे तान्हेपणीचे कपडे कुणालातरी द्यायला काढले, त्यांचा वास घेतला आणि परत ठेवून दिले होते.

"कधी कधी वाटतं," मी म्हणाले.

पत्र आलं तसं मागे गेलं.

"बघू," साहेब म्हणाले.

'बघू'चा हा अर्थ शब्दकोशात दिलेला नाही. द्यायची गरजही नाही.

घरी शिरले ती चपला न काढताच. "आई, निदान चष्मा लावून तरी वाचायचं!"

"लावला होता," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी फ्रिजवरचा कागद काढून माझ्या हातात दिला.

माझ्याच अक्षरात, जाड, ठसठशीत लिहिलेलं होतं: मला हवी असलेली पाच मुले.

मी नवऱ्याकडे वळले. "तूही वाचलं होतंस ना? बोलला का नाहीस?"

"घाबरलो," तो सोफ्यावरून म्हणाला.

म्हणजे सत्यापायी जागा घालवली, आणि त्याच केबिनमध्ये माझी चूक सासूबाईंच्या चष्म्यावर ढकलून सत्यही घालवलं. खूश होती ती एकटी भिंगरी. तिनं प्रत्येक नावापुढे एक तोंड काढलं होतं. करुणाला दाढी होती.

"चुकलं, आई. माझंच चुकलं," मी म्हणाले. (धैर्य. आठवड्यातून एकदा.) लाल पेन काढलं, 'मुले' खोडलं, वर नीट दुरुस्ती केली आणि कागद परत लावला.

सासूबाईंनी पदरानं चष्मा पुसला, नाकावर चढवला आणि फ्रिजजवळ गेल्या.

"अगं, 'मूल्ये'मधला उकार दुसरा ना? तू पहिला काढलायस."

मी पाहिलं. पहिलाच होता.

"ती ऑफिसातली जागा," सासूबाई हळूच म्हणाल्या, "भरली नाही ना गं अजून?"