तेराची उतरंड

राजा उघडा पडला रे पडला, की कोरगावकर भावोजी त्याला दोन बोटांत उचलून बाजूला टाकतात आणि म्हणतात, "हा निघाला. ह्याला कुणी लागत नाही." रोज दुपारी चार वाजता, डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीतल्या टीपॉयवर हे चालतं. पत्त्यांचा हा डाव एकट्याने खेळायचा असतो. तरी भावोजी मोठ्याने बोलत खेळतात. शेजारच्या दारात मी बसलेली असते, म्हणून माझ्याशी बोलतात असं धरायचं. मी उठून आत गेले तरी बोलणं थांबत नाही, हे मी तपासून पाहिलं आहे.

डाव सोपा आहे. वर एक पान, त्याखाली दोन, त्याखाली तीन, असे सात थर. खालची पानं वरच्यांना थोडी झाकतात. उरलेली गड्डी पालथी ठेवायची आणि एकेक पान उलटत जायचं. उघड्या दोन पानांची बेरीज तेरा झाली की जोडी उचलायची. राणी-एक्का, गुलाम-दुर्री, दश्शी-तिर्री, नव्वी-चौकी, अठ्ठी-पंजी, सत्ती-छक्की. राजा स्वतःच तेरा. सगळे थर उचलले गेले की डाव सुटला. भावोजी ह्याला पिरॅमिड म्हणतात. मी उतरंड म्हणते. खालच्या मडक्यापासून उतरंड काढणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला, असं मी त्यांना सांगितलं होतं. त्यांना ते आवडलं नाही.

भावोजी नौपाड्यातल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टर गेले, दवाखाना बंद झाला, पण ह्यांचं कंपाउंडरपण गेलं नाही. जोडी उचलताना म्हणतात, "सत्ती-छक्की, जेवणानंतर." पानं लावून झाली की पहिली पाच मिनिटं हात मागे बांधून नुसते बघत बसतात. "वहिनी, आधी पेशंट बघायचा, मग बाटली भरायची." एखाद्या अठ्ठीच्या खाली चारही पंज्या दबलेल्या दिसल्या, की मान हलवतात. "केस गेलेली आहे. दाखल करून घेऊ नका." मग सगळी पानं गोळा करून पुन्हा पिसतात.

ऐकून ऐकून मला सगळं पाठ झालं. मी चौथी पास, पण तेरापर्यंतची बेरीज येते. एका बाजूने खणत जायचं नाही, दोन्हीकडून सारखं उतरवायचं. दोन सत्त्या उघड्या असतील तर जिच्याखाली जास्त पानं अडकलीत ती आधी काढायची. आणि सगळ्यात मोठा नियम, थरांत जोडी जमत असेल तोवर गड्डीला हात लावायचा नाही. गड्डी एकदाच उलटायची. उलटलेल्या पानावर दुसरं पडलं, की खालचं दबलं. दबलेलं पान काढायचं नाही.

खालच्या मजल्यावरच्या सुनेने त्यांना हाच खेळ मोबाइलवर काढून दिला. त्यात चाल मागे घ्यायचं बटण होतं. भावोजींनी फोन तिला परत दिला. "चुकीचं औषध पोटात गेलं की ते मागे घ्यायचं बटण असतं का गं?"

आता मुख्य गोष्ट. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा माजिवड्याला बाविसाव्या मजल्यावर राहतो. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं, की मुलगा बोलावतोय आणि बाप जात नाही. दूधवाल्यापासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना भावोजींनी सांगितलेलं. "रोज फोन करतो हो. बाबा या, बाबा या. मी म्हटलं, डाव सुटेल त्या दिवशी बॅग भरतो. त्याआधी नाही."

सहा वर्षांत डाव सुटला नाही.

मला आधी वाटलं, डावच कठीण असेल. मग नियम कळायला लागले तशा चुका दिसायला लागल्या. समोर जोडी असताना माणूस गड्डी उलटायचा. मला शिकवलेलं सगळं स्वतः मोडायचा, आणि तेही डाव रंगात आल्यावर. मी म्हटलं, "भावोजी, डोळे तपासून घ्या." ते म्हणाले, "वय झालं, वहिनी." वय माझंही झालं आहे. मला सत्ती दिसत होती.

दिवाळीत मुलगा मिठाईचा बॉक्स घेऊन आला. दहा मिनिटं बसला. जाताना मी त्याला जिन्यात गाठला. मला गोड बोलता येत नाही.

"अरे, पत्त्यांवर काय सोडलंयस? सरळ हात धर आणि घेऊन जा."

"कुठे, काकू?"

"तुझ्याकडे. रोज बोलावतोस ना?"

तो बॅगेच्या चेनशी खेळत राहिला. मग म्हणाला, "असं काही बोलणं झालेलं नाही, काकू. दोनच बेडरूम आहेत. मुलीची दहावी आहे. बाबा बोलले का असं काही?"

मी म्हटलं, "नाही. मलाच वाटलं." आयुष्यात मी फार खोटं बोललेली नाही. हे बोलले.

माझी मुलगी विठ्ठलवाडीला असते. महिन्यातून एकदा येते, माझा फ्रीज उघडून बघते आणि जाते. तेव्हा कुणी बोलवायचं आणि कुणी नाही, ह्यावर मी कुणाला शिकवायला जात नाही. मी दारात बसून राहिले आणि भावोजींच्या चुका बघत राहिले. डोळे तपासा म्हणायचं मात्र बंद केलं.

मग मागच्या रविवारी डाव चांगला लागला. गच्चीवरची मीटिंग संपवून सगळे खाली उतरत होते. सेक्रेटरी थांबला, खालच्या मजल्यावरची सून थांबली, आणखी चारजण थांबले. थर भराभर उतरत गेले. लोक बघत असताना भावोजींना चुकता येईना. प्रत्येक जोडी कुणीतरी आधीच ओरडून सांगत होतं.

शेवटी तीन पानं उरली. वर नव्वी, तिच्याखाली सत्ती आणि छक्की. बाजूला उलटलेल्या पानांवर चौकी उघडी. लहान पोराला जमेल असं होतं. सत्ती-छक्की उचलायची, मग नव्वी-चौकी.

"काका, सुटला!" सेक्रेटरी म्हणाला. "चला, बॅग भरा. मी लावतो मुलाला फोन."

त्याने खरंच खिशातून फोन काढला. "नंबर सांगा काका."

भावोजींचा हात पानांवर होता, पण उचलत नव्हता. अंगठा सत्तीवर नुसता फिरत होता.

मी खुर्ची सरकवली, वाकले आणि गड्डीत उरलेलं एकुलतं एक पान उलटून चौकीवर टाकलं. दश्शी निघाली. तिर्री कुठेच उघडी नव्हती. चौकी दबली, नव्वी अडकली.

"अहो आजी!" सून किंचाळली. "काय केलंत हे? सुटलेला डाव!"

"मला काय कळतंय त्यातलं," मी म्हटलं. "पान दिसलं, उलटलं."

सेक्रेटरी म्हणाला, ते पान उचलून ठेवा, धरू नका. भावोजी म्हणाले, दबलेलं पान काढायचं नाही म्हणजे नाही, नियम तो नियम. सेक्रेटरीने फोन खिशात टाकला. लोक चुकचुकत आपापल्या घरी गेले.

मग भावोजी माझ्याकडे वळले. "वहिनी, थरांत जोडी असताना गड्डीला हात? इतकी वर्षं दारात बसून हेच शिकलात?" कान लाल झालेले, आवाज चढलेला. पहिल्यापासून सुरू केलं. राजा, राणी-एक्का, दोन्ही बाजू, सगळं पुन्हा. मधेच खाकरले आणि पुढे बोलले. मी मान खाली घालून ऐकत होते. नवऱ्यालाही मी एवढं कधी बोलू दिलं नव्हतं.

"उद्या जरा लवकर या," शेवटी ते म्हणाले. "तुमचं फार कच्चं आहे अजून."

"साडेतीनला येते," मी म्हटलं.