न्यूट एक, सॅलॅमँडर एक

शाळेची तपासणी नीट पार पडली, की मुख्याध्यापकाचा पदभार विज्ञानाच्या विजयकुमार सरांना मिळणार होता. पदभार म्हणजे पंख्याखालची फिरती खुर्ची. दुसऱ्या दावेदार मराठीच्या निर्मलाबाई. त्यांच्या हाताखाली राबायची पाळी टळणार होती, आणि हा नफा सर खुर्चीच्याही वर धरत.

"प्रयोगशाळेत बोट ठेवायला जागा न्हाई!" असं स्टाफरूममध्ये सांगून सर प्रयोगशाळेत आले, तर शिपाई सटवाजीनं दोन बरण्या लख्ख घासून ठेवलेल्या. आतले दोन उभयचर प्राणी तीस वर्षांपूर्वीच मेलेले होते. त्यांची नावं सांगणाऱ्या चिठ्ठ्या मात्र आज मोरीतून वाहून गेल्या होत्या.

"सटवाजी, यातला न्यूट कोणता?"

"मास्तर तुमी, अन् इचारून राहिले मला? मला दोनी मेल्या पालीवानी दिसतेत."

"अरे, न्यूटची शेपटी वल्ह्यासारखी चपटी, कातडी खरबरीत. बाकीचे सॅलॅमँडर गुळगुळीत, शेपटी गोल. आत्ता सांगतो!"

सरांनी भिंग लावलं. इतकी वर्षं फॉर्मॅलिनमध्ये राहून दोघांचीही कातडी मुरलेल्या लिंबासारखी झाली होती. एकाची शेपटी झडलेली. दुसऱ्याची काचेला दाबून चपटी झालेली. आता ती जन्मापासून तशी होती की बरणीत आल्यावर झाली, हे कोण सांगणार?

"कायबी चिटकवा, सर. तपासणीच्या मॅडम काय शेपट्या चाचपणार हैत का?"

"विज्ञानात कायबी चालत न्हाई!"

आणि तेवढ्यात सरांना सुचलं. प्रत्येक न्यूट हा सॅलॅमँडरच असतो. मग दोन्ही बरण्यांवर 'सॅलॅमँडर' लिहिलं, तर ब्रह्मदेवालाही चूक सापडायची नाही! सरांनी वळणदार अक्षरात दोन चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या.

ब्रह्मदेव आला नाही. हिंगोलीहून तपासणीला प्रियदर्शनी मॅडम आल्या. त्यांनी शाळेच्या सामानाचं डेडस्टॉक रजिस्टर उघडलं.

"न्यूट एक, सॅलॅमँडर एक. न्यूट दाखवा."

"यातलाच एक आहे, मॅडम."

"चिठ्ठी नाही. म्हणजे न्यूट गहाळ. आणि सॅलॅमँडर एक जास्त. हा कुठून आला? देणगी?"

"मॅडम, प्रत्येक न्यूट सॅलॅमँडरच असतो!"

"मग रजिस्टरला दोन ओळी कशाला?"

"सर काटकसर करून राहिले, मॅडम," दारातून निर्मलाबाई म्हणाल्या.

सटवाजीनं घाबरून हात जोडले. "आईच्यान सांगतो, म्या न्हाई नेला. आमच्या घरी कोणी खात न्हाई तसलं!"

सरांनी फळ्यावर दोन शेपट्या काढल्या. अर्धा तास समजावलं. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि बरण्यांकडे पेन केलं.

"आता सांगा. न्यूट कोणता?"

सरांनी भिंग उचललं आणि परत ठेवलं. "तसं... खात्रीनं नाही सांगता येणार."

"सर, मी कॉमर्सची," मॅडम म्हणाल्या. "उलट्या चिठ्ठ्या लावल्या असत्या, तरी टिक करून पुढं गेले असते."

पदभार निर्मलाबाईंना मिळाला. सटवाजीच्या वाट्याला शेरा आला: 'बरण्या स्वच्छ.' जास्तीचा सॅलॅमँडर 'मूळ अज्ञात' म्हणून शाळेच्या मालमत्तेत जमा झाला. गहाळ न्यूट विजयकुमार सरांच्या नावावर चढला. तो भरून दिल्याशिवाय निवृत्तीच्या दिवशी सरांचे कागद पुढं सरकणार नाहीत.

न्यूट कपाटातच आहे. दोनांपैकी एका बरणीत.