क्रांती कुठं गेली?

संयोगिताच्या डोक्यात सकाळपासून जाळ होता आणि त्यात पहिलं तेल ओतलं ते सासूनं.

"पोरगीला संपाला न्हेतीस? लोकं शेण घालतील तोंडात," धोंडुबाई म्हणाल्या.

"मग तुमी ठेवून घ्या."

"मला म्हशी हायत."

नवऱ्याची शिरोलीच्या फौंड्रीत पहिली पाळी होती. "उन्हात कशाला लेकराला न्हेतीस," एवढा सल्ला देऊन आदर्शनं गाडीला किक मारली आणि तो गेला. पोरीला न्यायचं नाही हे सगळेच सांगत होते, ठेवायचं कुठं ते कुणी सांगत नव्हतं. एरवी ती अंगणवाडीत असायची. पण अंगणवाडी बंद होती, कारण बाई संपावर होत्या, आणि त्या बाई म्हणजे खुद्द संयोगिता. चार वर्षांची पोरगी उलट्या चपला घालून दारात तयार उभी होती. ऑगस्टात क्रांतिदिनी जन्मली म्हणून बापानं मोठ्या हौसेनं तिचं नाव क्रांती ठेवलं होतं. हौस त्याची, सांभाळायचं मात्र हिनं.

संप होता संडासासाठी. तालुक्यातल्या निम्म्या अंगणवाड्यांना संडास नव्हता. पोराला लागली की त्याचा हात धरून शेजाऱ्याच्या दारात उभं राहायचं, शेजारणीचं वाकडं तोंड बघायचं आणि कळशीभर पाणी मागून आणायचं. अर्ज देऊन देऊन बायकांचे हात दुखले. अंगणवाड्यांचा कारभार बघणाऱ्या साहेबांचं उत्तर ठरलेलं होतं, प्रस्ताव वर पाठवलाय. वर म्हणजे नक्की कुठं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

कोल्हापुरात साहेबांच्या ऑफिसच्या फाटकापुढं मांडव घातला होता. आत शिरल्यापासून प्रत्येक बाई क्रांतीचा गाल ओढून "कशाला आणलीस गं हिला उन्हातान्हात" म्हणायची आणि तिच्या हातात काहीतरी खायला ठेवायची. एकीनं केळं दिलं, दुसरीनं राजगिऱ्याचा लाडू, तिसरीनं भडंगाचा पुडाच. क्रांतीनं कुणालाच नाही म्हटलं नाही.

थोड्या वेळानं साहेब फाटकापाशी आले. त्यांची नजर नेमकी क्रांतीवर पडली.

"ही मुलगी तुमची? लहान मुलांचा आंदोलनात वापर करता? लाज वाटली पाहिजे. ज्यांनी मुलं आणलीत त्या सगळ्यांना आजच नोटीस काढतो. कामावरून कमी करतो."

"मग ठेवू कुठं साहेब? अंगणवाडीत?"

"तो तुमचा प्रश्न आहे," साहेब म्हणाले आणि जिना चढून वर गेले.

ही नोकरी होती म्हणून गावात संयोगिताला लोक बाई म्हणत होते, घरात तिच्या शब्दाला थोडी किंमत होती. नोकरी गेली की धोंडुबाईंच्या म्हशी तिची वाटच बघत होत्या. भीती वाटली आणि भीतीपेक्षा जास्त संताप आला.

तो संताप काढायला समोर संपाच्या पुढारी, सगळ्यांच्या आक्का, बायडाबाई आल्या. त्या भलत्याच खूश होत्या.

"बरं झालं आणलीस. पोरं फुडं बसवा समदी. पोरं असली की पोलीस हात उचलत न्हाईत, आन् पेपरात फोटू बी झकास येतोय," असं म्हणत त्यांनी क्रांतीच्या गळ्यात मागणीचा फलक अडकवलासुद्धा.

"काढा ते, आक्का. माझी पोरगी काय ढाल हाय व्हय तुमची?"

"मग आणलीस कशाला?"

"घरी कोण न्हाय म्हणून आणली. तुमच्या फोटूसाठनं न्हाई."

क्रांती पदर ओढत होती. "मम्मी, मला लागलीय."

"गप. बोलतीय न्हवं मी."

साहेबाला पोरगी नको होती, आक्कांना पोरगी पाहिजे होती, आणि खुद्द पोरीला काय पाहिजे ते ऐकायला आईलाही सवड नव्हती. भांडण रंगात आलं. दोघींनी एकमेकींच्या कामचुकारपणाचे जुने दाखले काढले. संयोगितानं तावातावानं "घ्या तुमचा फलक" म्हणून मागं वळून बघितलं, तर फलक जमिनीवर होता आणि गळा गायब.

रोज पोरांना बाराखडी शिकवून तिचा आवाज असा तयार झाला होता, की नुसती हाक मारली तरी दोन गल्ल्या ऐकायच्या. तिनं जीव तोडून हाक मारली. "क्रांतीऽऽ!"

"झालीच पाहिजे!" सगळ्या मांडवातून उत्तर आलं.

"अवं बायांनो, माझी क्रांती..."

"झालीच पाहिजे!"

"गप बसा की जरा. क्रांती कुठं गेली?"

हे तर बायकांना फारच आवडलं. टाळ्या पडल्या. बायडाबाई मघाचं भांडण विसरल्या आणि त्यांनी कौतुकानं माईक तिच्या तोंडापुढं धरला. संयोगितानं रडवेल्या आवाजात माईकवरून विचारलं, "क्रांती, कुठं हाईस गं तू? लवकर ये गं."

मांडवातल्या बायकांच्या अंगावर काटा आला. एक म्हातारी मदतनीस तर डोळे पुसत उभी राहिली. ती उठली म्हणून शेजारची उठली, मग सगळाच मांडव उठला आणि फाटकाकडं निघाला. बायका चालून आल्या म्हणून पोलिसांनी फाटकाला कुलूप घातलं.

संयोगिता गजांना धरून ओरडली, "पोरगी हरवलीया माझी. क्रांती नाव हाय तिचं. खरंच हाय."

आतल्या महिला पोलिसाच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "पिवळ्या झग्यातली व्हय? गजातनं आत आली की मघाशी. शिपायानं वर न्हेलीया, तिला जायचं हुतं."

कुलूप निघालं. संयोगिता जिना चढून थेट साहेबांच्या खोलीत घुसली. साहेब स्वतःच्या संडासाच्या बंद दारापुढं उभे होते. शिपाई पाणी शोधायला गेला होता, कारण नळ कोरडा होता. आतून घडीघडीला हाक येत होती, "मम्मी, झाऽली."

"कधीची हाका मारतेय," साहेब म्हणाले. त्यांना घाम फुटला होता. "काय करायचं असतं अशा वेळी?"

"पाणी लागतं, साहेब." तिनं त्यांच्या टेबलावरची पाण्याची बाटली उचलून त्यांच्याच हातात दिली. "मी धुती, तुमी वता."

दार उघडलं. साहेबांनी मान दुसरीकडं वळवून बाटली वाकडी केली.

"हळू वता. समदं वतू नका, अजून हात धुवायचं हायत. आमच्याकडं तर हे बी मागून आणावं लागतंय. माझ्या अंगणवाडीत पंचवीस पोरं हायत, आन् ही एकटी तुमाला जड झाली. काढा की नोटीस. उद्यापासनं पंचवीसच्या पंचवीस हितं घेऊन येती. एकेकाला लागली की वर धाडती."

साहेबांनी रिकाम्या बाटलीकडं बघितलं, मग संडासाकडं बघितलं. ते टेबलापाशी गेले, सही करायला ठेवलेल्या नोटिशीचे त्यांनी चार तुकडे केले आणि खिडकी उघडली.

"शांत व्हा. या महिन्यात कामाला सुरुवात करतो. लेखी देतो," ते खाली ओरडले.

खाली एक अक्षर ऐकू गेलं नाही. बायडाबाईंनी आता माईक स्वतःकडं घेतला होता. "क्रांतीऽऽ!"

"झालीच पाहिजे!"

आपलं नाव ऐकून क्रांती चड्डी वर ओढत खिडकीपाशी धावली. साहेबांच्या खुर्चीवर चढून तिनं गजांतून तोंड बाहेर काढलं आणि आईच्याच आवाजात सगळ्या मांडवाला ठणकावून सांगितलं, "झाली की."