एक तरी पिंप द्या हो!

"यंदा आपल्या कारखान्यात घातक कचरा शून्य! लिहून घ्या!" कचरासाहेब भर सभेत गरजले, आणि खरोखरच लिहूनही मोकळे झाले. सरकारकडे जाणाऱ्या वार्षिक अहवालात त्यांनी स्वतःच्या हाताने शून्य भरलं आणि मिशीला पीळ दिला.

कारखान्याच्या कचऱ्याचा हिशेब ठेवणं हे त्यांचं काम, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना कचरासाहेब म्हणत. समोर नुसतं साहेब! आता तुम्ही विचाराल, रंग बनवणारा कारखाना, आणि कचरा शून्य कसा? अहो, सोपं आहे. साहेबांनी दम भरला होता, "ज्याच्या खात्यात कचरा दिसेल, त्याची धडगत नाही!" दुसऱ्या दिवसापासून कचरा दिसेनासा झाला. साहेबांना वाटलं, संपला!

"अहो, आपल्या दोघांच्या घरातसुद्धा रोज बादलीभर निघतो," बायको म्हणाली होती.

"तुला नाही कळायचं त्यातलं," असं म्हणून साहेबांनी विषय मिटवला.

आठवडाभरात सरकारी तपासणीच्या बाई दारात हजर. साहेबांना वाटलं, शाबासकी द्यायला आल्या! त्यांनी बाईंना मोठ्या थाटात बैठकीच्या खोलीत नेलं. मखमली कापड घातलेल्या टेबलापाशी बसवलं, चहा मागवला.

"साहेब, रंग बनवता ना?" बाईंनी गोड आवाजात विचारलं.

"एक नंबर!"

"टाक्या धुता?"

"आरशासारख्या!"

"मग धुवून निघालेला गाळ कुठे जातो?"

हा प्रश्न साहेबांना वर्षभरात एकदाही पडला नव्हता!

"स्वयंपाक करायचा आणि खरकटं निघत नाही म्हणायचं?" बाईंचा आवाज आता गोड राहिला नव्हता. "नदीत सोडलात ना? चहा संपेपर्यंत कचरा दाखवा. नाहीतर आजच कारखान्याला टाळं!"

टाळं! साहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. ते धावत सुटले ते थेट मिश्रण खात्यात.

"मुकादम! गाळ कुठे आहे?"

मुकादमाने ओळखलं, साहेब परीक्षा घेतायत! "छे छे! थेंबभर नाही, साहेब!"

"अरे, असू दे ना रे थोडा!"

"तुमच्या गळ्याची शपथ, नाही!"

"माझ्या गळ्याशीच आलंय रे!" साहेब कळवळले. भांडारातल्या ताईंकडे गेले, तर त्यांनी फडताळाला पाठ लावून हसून दाखवलं. "कचरा? आमच्याकडे? काहीतरीच काय!" दुरुस्ती खात्याने तर दारच लावून घेतलं. "एक तरी पिंप द्या हो!" साहेब बोळाबोळांतून ओरडत फिरले. ज्या कचऱ्याच्या नावाने वर्षभर खडे फोडले, त्याच्यासाठी आता देव पाण्यात घालायची पाळी!

घामाघूम होऊन परत आले, तर बाईंचा कप रिकामा. कागद समोर, पेन हातात. साहेबांनी सगळी लाज गुंडाळून ठेवली आणि पाय धरायला सरळ गुडघ्यांवर बसले. नाक मखमलीच्या झालरीशी आलं मात्र, आणि ते थबकले.

वास! थिनरचा, उग्र, डोकं उठवणारा. साहेबांना तो अत्तरासारखा वाटला! त्यांनी कापड वर उचललं. वर फळी, आणि खाली गाळाने गच्च भरलेली पिंपं!

"सापडला! बाई, कचरा सापडला!" ते लहान मुलासारखे नाचू लागले.

दारातून मुकादम डोकावला. साहेब रागावले नाहीत, उलट पिंपाला मिठी मारून रडतायत, हे बघून त्याचा जीव भांड्यात पडला. मग काय विचारता! ताईंच्या फडताळातून रंगाने बरबटलेल्या चिंध्या निघाल्या, दुरुस्तीवाल्यांनी काळ्या तेलाचे डबे आणले, हिशेबनिसांनी खुर्चीखालून मेलेल्या बॅटऱ्या ओढल्या. "आधी आमचा मोजा!" "अरे हट, आमचा जास्त आहे!" खात्याखात्यांत चुरस लागली.

बाईंनी सगळं तोलून, तपासून घेतलं. "दंड भरा, अहवाल नव्याने द्या. पण थेंबही बाहेर गेलेला नाही. टाळं लावत नाही."

असा जल्लोष झाला म्हणून सांगू! मालकांनी साहेबांना छातीशी धरलं, मुकादमाने खांद्यावर घेतलं. साहेबांनी वरूनच बायकोला फोन लावला, "अगं, जिंकलो! ढीगभर निघाला!"

निघताना बाई म्हणाल्या, "कचरा न्यायची गाडी येईपर्यंत हे ठेवायला वेगळी खोली लागेल. पक्की फरशी, खेळती हवा, दाराला मजबूत कुलूप."

अशी खोली कारखान्यात एकच होती. संध्याकाळपर्यंत साहेबांचं टेबल जिन्याखाली आलं आणि केबिनच्या दारावर, त्यांच्या नावाच्या पाटीखाली, लाल अक्षरांत 'घातक कचरा' झळकलं.

साहेबांचा रुबाब मात्र वाढला हं! आता त्यांच्या केबिनमध्ये परवानगीशिवाय पाऊल टाकायची कुणाची हिंमत नाही. त्यांची स्वतःचीसुद्धा!