मोरीकाठच्या कर्दळीची आणि हरवल्या रफाराची बखर

॥ श्री ॥ तांबड्या फुलास भुलणारा गजानन प्रसन्न असो, आणि पृथ्वीतलावरील समस्त कंदांचे डोळे सदा वर राहोत.

शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध पंचमी, ते दिवशीं कुंपणापलीकडील सेवकानें दूरदेशीं राहणाऱ्या अवनीबाईसाहेबांचे सेवेसी विनंती लिहिली ऐसीजे. साहेबीं दूरध्वनीवर पुसिलें कीं, फोटोंत सगळें परसूं दिसतें, मग बाबांची केळ कोठें गेली? बाबांस विचारावें तर ते घसा खाकरतात, आणि आईस विचारावें तर ती हंसते, तरी काका, तुम्हीच काय जालें तें सांगा. ऐसी आज्ञा जाली, म्हणोन सेवकानें जें डोळां देखिलें आणि कानीं ऐकिलें तें लिहिलें आहे. शेवटपर्यंत वाचावें, मधूनच फोन करूं नये.

तुमच्या तीर्थरूपांचें राज्य साहेबांस ठाऊकच आहे. पूर्वेस फाटक, उत्तरेस आंबा, दक्षिणेस सेवकाचें कुंपण आणि पश्चिमेस मोरी, मध्यें सवा गुंठा जमीन, आणि तीवर श्रीमंत चिंतोपंत सेवानिवृत्त होऊन राज्य करते जाले. पंतांनीं चाळीस वर्षें टपाल खात्यांत दुसऱ्यांचीं पत्रें पोंचविलीं, त्यामुळें निवृत्तीनंतर स्वतः पत्रें लिहावीं ऐसा हेत धरिला, आणि मग दर मंगळवारीं मोडी लिपीच्या वर्गास जाऊं लागले, आणि तें ज्ञान वाया जाऊं नये म्हणोन घरांतील सर्व हुकूम मोडींत काढूं लागले. दूधवाल्यास मोडी, इस्त्रीवाल्यास मोडी, फ्रिजवर भाजीची यादी मोडी. मातोश्री वसुमतीबाईसाहेब यादीकडे बघून मनास येईल ती भाजी करीत, आणि पंत ती आपणच लिहिली समजून जेवीत. वर्गांत मात्र एक खोड गुरुजींनीं वारंवार सांगितली कीं, पंतांचें वळण सुबक, पण रफार विसरतात. धर्माचा धम होतो, सूर्याचा सूय होतो. पंत म्हणत, "अहो, संदर्भानं कळतं!" सेवकही त्याच वर्गांत मागच्या बांकावर बसतो, हें साहेबीं ध्यानीं ठेवावें.

आतां मोरीचा प्रदेश. राज्यांत ऊन आणि पाणी दोन्ही जेथें एकत्र नांदतात ऐसी जागा एवढीच, कारण बाकी सारें आंब्याच्या सावलींत. मोरीच्या उजव्या अंगास पंतांची वेलची केळ, जिला त्यांनीं पोटच्या लेकराप्रमाणें वाढविलें, आणि डाव्या अंगास बाईसाहेबांची कर्दळ. ही कर्दळ जुन्या वाणाची, पुरुषभर उंच, पान हिरवें, फूल लहान आणि तांबडें भडक. तुमच्या आजी निवर्तल्या आणि मामांनीं घर विकलें, ते दिवशीं बाईसाहेबांनीं विहिरीजवळून एक गड्डा उपटून पोळ्यांच्या डब्यांत घालून एसटीनें आणिला, आणि भावांनीं भांडीं, पाट, समया वाटून घेतल्या त्यांत त्यांनीं कशासही हात लाविला नाहीं. त्या गड्ड्याचें रान जालें. रोज सकाळीं एक फूल घरच्या गणपतीस जाई आणि एक कुंपणावरून सेवकाच्या देवास येई. सेवकाची बायको गेल्यापासून त्या देव्हाऱ्याकडे बघणारें दुसरें कोणी नाहीं, आणि तें फूल आलें नाहीं तर सेवक पूजाच विसरतो, हें खरें आहे तें लिहिलें.

चैत्रमासीं पंत नर्सरींत गेले आणि तेथें एका फळ्यावर कर्दळीचें चित्र पाहिलें: पानावर पिवळे पट्टे, फूल नारिंगी, तळव्याएवढें. पंत मोहित जाले. नर्सरीचे मालक यासीनभाई, तीस वर्षें मातींत हात घातलेला माणूस, अदबीनें म्हणाले, "काका, आधी जागा सांगा. कुंडी असेल तर बुटकी जात देतो, कुंपणाला लावायची तर उंच देतो. आणि कंद मोठा नका बघू, टणक बघा. दोन-तीन डोळे असलेला घ्या." परंतु पंतांस टपालाची संवय, जें पार्सल मोठें तें महत्त्वाचें, म्हणोन त्यांनीं सर्वांत थोर कंद उचलिला, जो बोटानें दाबला असतां आंत जाई. मग तो घरीं आणिला, आणि चिनी मातीच्या निळ्या कुंडींत, जिला खालीं भोंक नव्हतें, आंब्याच्या दाट सावलींत, डोळे खालीं आणि मुळ्या वर ऐसा पुरला, आणि सकाळ-संध्याकाळ तांब्यानें पाणी घातलें. बाईसाहेब ओसरीवरून एकदां म्हणाल्या, "अहो, तो उलटा आहे." पंत म्हणाले, "त्याला कळतं वर कुठं आहे ते." तीन आठवडे लोटले, आणि कुंडींतून कोंब न येतां वास आला.

मग पंत कुंडी घेऊन नर्सरींत गेले. यासीनभाईंनीं आंत हात घातला, तो लगदा बाहेर आला. ते म्हणाले, "काका, कर्दळीला पाणी आवडतं हे खरं, पण तिला बुडवायचं नसतं. पाणी यावं आणि पुढं जावं. आणि ऊन पाहिजे, सकाळपासून दुपारपर्यंत तरी. तुमच्याकडं अशी जागा कुठं आहे?" पंतांनीं डोळे मिटून सगळें राज्य मनांत फिरून पाहिलें, आणि म्हणाले, "आहे. पण तिथं एक रानटी कर्दळ माजलीय." यासीनभाईंनीं काय तें ओळखलें आणि म्हणाले, "मग ती रानटी शहाणी आहे." पंतांनीं तें ऐकून न ऐकलेंसें केलें, नवे कंद मंगळवारीं नेतों म्हणोन सांगितलें, आणि घरीं येऊन मोहिमेचा मनसुबा जाहीर केला कीं, डाव्या अंगाची कर्दळ समूळ काढावी.

त्यावर बाईसाहेबांचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "ती राहू दे." पंत म्हणाले, "अगं, कर्दळच काढून कर्दळच लावायची आहे. कंद तो कंद." बाईसाहेब पुन्हां म्हणाल्या, "ती राहू दे म्हणते ना." पंत बोरू तासत होते, त्यांनीं मान हलविली, आणि तो होकार कीं नकार तें कोणासही समजलें नाहीं. ते आठवड्यांत बाईसाहेबांनीं आणखी तीनदां सांगितलें, आणि तिन्ही वेळां पंत किता गिरवीत होते. सोमवारीं चारच्या चहाच्या वेळीं बाईसाहेबांनीं कप कुंपणावरून दिला आणि इतकेंच बोलल्या, "उद्या माळी येणार आहे." डोळ्यांत पाणी होतें. सेवकानें चहा घेतला, परंतु तो गोड लागला नाहीं.

मंगळवार उजाडला. पंतांनीं भल्या सकाळीं फर्मान लिहिलें, फाटकास टांचणीनें लाविलें, आणि आपण वर्गास गेले. सेवकानें ते दिवशीं पोट दुखतें म्हणोन वर्गास दांडी मारिली. नऊच्या सुमारास सोपान माळी आला, साठीचा गृहस्थ, हातास माती आणि तोंडांत सुपारी. त्यानें कागद उलटा-सुलटा पाहिला आणि बाईसाहेबांस दाखविला. बाईसाहेब म्हणाल्या, "मला मोडी येत नाही. शेजारी दाखवा." आणि आंत जाऊन दार लावून घेतलें. मग सोपान कुंपणाशीं आला. "आण्णा, सरकारांनी काय ल्हिलंय बघा बरं. मला तर समदं गांडुळं वळवळल्यावानी दिसतंय."

सेवकानें चष्मा पुसला, आणि पुन्हां पुसला, आणि वाचून दाखविलें: "कदळी समूळ काढून जागा साफ करणें. हयगय न करणें. जाणिजे."

"कदळी म्हंजी?"

"कदळी म्हणजे केळ, सोपानराव. जुना शब्द आहे."

"आवं पर केळीनं तर कमळ टाकलंय! दोन-तीन महिन्यांत घड हाताशी आला असता."

"हुकूम सरकारचा आहे. खाली हयगय न करणें असंही लिहिलंय."

सोपानानें सुपारी थुंकली, दोन घटका केळीकडे बघितलें, आणि कोयता काढिला. तो म्हणाला, "मोठ्यांच्या डोक्यात काय शिरंल सांगता येत न्हाई." आणि मग केळ कोसळली, केळफुलासुद्धां, आणि तिचा गड्डा कुदळीनें खणून काढिला, आणि मोरीच्या उजव्या अंगास ऊन लख्ख पडलें.

साडेअकरा वाजतां पंत आले. एका हातांत पट्टेरी कर्दळीचे तीन कंद, टणक, डोळ्यांचे, यासीनभाईंनीं निवडून दिलेले. दुसऱ्या हातांत परीक्षेचा तपासलेला पेपर. फाटकांतून आंत येऊन मोरीकडे बघितलें, आणि पिशवी खालीं पडली. "माझी केळ! सोप्या, काय केलंस हे?" सोपान म्हणाला, "तुमचीच चिट्ठी, सरकार. आण्णांनी वाचली." पंत कुंपणाशीं धांवत आले. "मी कर्दळी लिहिलं होतं! कर्दळी!" सेवक म्हणाला, "पंत, रफार दिसला नाही." पंत म्हणाले, "चिठ्ठी दाखवा." सेवक म्हणाला, "मोरीत पडली हो, शाई सगळी वाहून गेली." पंत आतां सेवकास धरतील ऐसा रंग दिसला, तोंच त्यांची नजर हातांतल्या पेपरावर गेली. पेपरावर गुरुजींनीं तांबड्या शाईनें सात ठिकाणीं वर्तुळें काढिलीं होतीं, आणि खालीं लिहिलें होतें: पंत, रफार. पंत मटकन पायरीवर बसले, आणि त्यांचा राग आपल्याच हस्ताक्षरावर उलटला.

मग दार उघडलें आणि बाईसाहेब बाहेर आल्या. आधीं त्यांनीं डाव्या अंगास बघितलें. कर्दळ जेथल्या तेथें, तांबडीं फुलें घेऊन उभी होती. मग उजव्या अंगास बघितलें, आणि तोंडावर पदर धरिला, आणि खांदे हलूं लागले, तें रडें कीं हंसें तें त्यांचें त्यांस ठाऊक. मग पंतांशेजारीं बसल्या आणि म्हणाल्या, "आईच्या घरातलं एवढंच आहे हो माझ्याकडे. दुसरं काही मी आणलं नाही." पंत म्हणाले, "मग मला सांगायचं नाहीस?" बाईसाहेब म्हणाल्या, "पाच वेळा सांगितलं. तुम्ही मोडी गिरवत होता." पंतांनीं पेपराची घडी करून खिशांत घातली. मग म्हणाले, "चुकलं माझं." लग्नास बेचाळीस वर्षें जालीं, कुंपण तितकेंच जुनें, परंतु हा शब्द कुंपणापलीकडे प्रथमच ऐकूं आला.

त्याच दिवशीं केळीच्या मोकळ्या जागेंत शेणखत मिसळून, एकेक हात अंतर सोडून, चार बोटें खोल, डोळे वर करून नवे कंद लाविले, आणि ते पंतांनीं स्वतः लाविले, आणि प्रत्येक कंदास "वर कुठं आहे?" ऐसें विचारून लाविले. मोरीचें पाणी येई आणि पुढें जाई. श्रावणांत नारिंगी फूल आलें, तळव्याएवढें, चित्रांत होतें तैसेंच. पानें गुंडाळणारी अळी आली ती पंत हातानें वेंचीत. फुलून गेलेला दांडा बुंध्याशीं कापावा म्हणजे शेजारून नवा उठतो, हें त्यांस बाईसाहेबांनीं शिकविलें आणि त्यांनीं ऐकिलें. तांबड्या कर्दळीसमोर पंतांनीं आतां पाटी ठोकिली आहे, मोडींत, आणि तीवर रफार इतका थोर काढिला आहे कीं अक्षरें त्याखालीं आडोशास उभीं राहिल्यासारखीं दिसतात. आणि गणपतींत आरतीच्या तबकांत दोन्ही फुलें होतीं, तांबडें मधोमध.

येणेंप्रमाणें हकीकत. केळ गेली, कर्दळ राहिली, दुसरी कर्दळ आली, आणि उभयतां एका मोरीवर सुखानें आहेत. केळीचें एक पिल्लूं सोपानानें आपल्या बांधावर नेलें, तें तेथें तरारलें आहे. आतां साहेबीं पुसिलें त्याचें खरें उत्तर, आणि हें वाचून पत्र फाडून टाकावें. चिठ्ठी मोरींत पडली नाहीं. ती सेवकाच्या पंचांगांत वैशाखाच्या पानांत जपून आहे. बाईसाहेबांस यांतील कांहीं ठाऊक नाहीं. मात्र ते दिवसापासून सेवकाच्या चहांत आलें पडतें. तीर्थरूपांचे आम्ही अपराधी आहों. सबंध वर्षांत पंतांनीं एकच रफार अचूक दिला होता, ठळक आणि सुरेख वळणाचा, आणि तो नेमका सेवकानें वाचतांना गिळला. बहुत काय लिहिणें.