दातारकाकांचा ऊझो

आमचे इथले, न्यूझीलंडमधल्या जॉन्सनव्हिलचे दातारकाका आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवलेले नाहीत. पण ऊझो या ग्रीक दारूचं नाव आलं कुठून, यावर ते कुणालाही धरून तासभर बोलतात. आमच्याकडे सत्यनारायणाला आले, तर प्रसादाची वाटी हातात तशीच, आणि गुरुजींना विचारतात, "ऊझोबद्दल आपलं काय मत?" गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी शिऱ्याकडे पाहिलं.

"अगं, सोपं आहे," काका मला म्हणाले. "ग्रीसहून फ्रान्समधल्या मार्से बंदराला रेशीम जायचं. पेट्यांवर इटालियन शिक्का असायचा, 'मार्सेच्या वापरासाठी'. त्यातला वापर म्हणजे उझो. शिक्का असला की माल एक नंबर! मग चांगल्या दारूलाही लोक ऊझो म्हणायला लागले. पॉइंट क्लिअर?"

क्लिअर झाला. पुढच्या आठवड्यात डेअरीत दूध घेताना काका भेटले. मी हीच माहिती त्यांना ऐटीत ऐकवली, तर ते उसळले. "मार्से? कुणी सांगितलं तुला? तुर्की शब्द आहे तो. उझुम म्हणजे द्राक्ष!" मी दूध तिथेच विसरून घरी आले.

आता काका भाचीच्या लग्नाला पुण्याला निघालेत. परवा मला बोलावून त्यांनी दोन्ही बाजू पाठ करून घ्यायला सुरुवात केली. काकांच्या कुंपणापलीकडे यानी नावाचे ग्रीक आजोबा एकटेच राहतात. दर शनिवारी दोघे अंगणात याच शब्दावरून भांडतात; यानींपुढे ऊझो, काकांपुढे चहा. त्यात खंड पडायला नको, म्हणून माझी नेमणूक.

"पण काका, खरं कुठलं? मी फोनवर पाहिलं, तज्ज्ञांचंही एकमत नाहीये."

"खरं गेलं उडत! ते मार्से म्हणाले, की तू द्राक्ष म्हण. द्राक्ष म्हणाले, की मार्से."

माझं डोकं गरगरायला लागलं. "त्यापेक्षा मी आपलं 'बरोबर आहे तुमचं' म्हणते ना. इथले लोक म्हणतात तसं, स्वीट अ‍ॅज, एकदम झकास!"

"नको गं," काका एकदम हळू आवाजात म्हणाले. "मागे एकदा कंटाळून मी तसं म्हणालो. तर ग्लास तसाच ठेवून मुकाट्यानं आत गेले, दिवसभर बाहेर आले नाहीत. हल्ली त्यांना सगळ्याचाच विसर पडतोय. वाद सुरू झाला, की मात्र कसे ताठ बसतात! माझं नाव नाही आठवत त्यांना. पण मी चुकतोय, हे पक्कं आठवतं."

काका चष्मा पुसत राहिले.

"काका," मी म्हटलं, "पुन्हा मार्सेपासून सांगा."